अंगावरून वारं गेलं, आणि घरही हातचं चाललं: कोल्हापुरात मदत कुठे आणि कोणत्या क्रमाने मागायची

कमावत्या माणसाच्या अंगावरून वारं गेलं की पहिल्या आठवड्यात घरात दोनच प्रश्न असतात. माणूस वाचेल का, आणि पैसे कुठून आणायचे? पहिल्याचं उत्तर डॉक्टरांकडे. हा लेख दुसऱ्यासाठी आहे. कारण पक्षाघाताचं असो, जीबीएसचं (गिलियन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) असो किंवा मणक्याच्या आजाराचं, पैशाची वाट बहुतेक सारखीच असते.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. उपचाराच्या मोठ्या सरकारी मदतीची दारं रुग्ण दवाखान्यात दाखल असेपर्यंतच उघडी असतात. बिल भरून पेशंट घरी आणलात की त्या बिलाचे पैसे सहसा कुणी परत देत नाही. आपल्याकडे होतं नेमकं उलटं. आधी गुजरीत दागिने मोडतात, मग भिशी उचलतात, मग पतसंस्था, मग सावकार, आणि सगळं संपल्यावर कुणीतरी सांगतं, "अहो, योजना होती की!" हा क्रम उलटा करायचा, एवढंच या लेखाचं काम.

दाखल केल्याच्या दिवशी

दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. योजनेच्या प्रत्येक दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसतो. त्याला गाठा. उपचार कॅशलेस होतात आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पूर्वी पिवळं आणि केशरी कार्डच चालायचं. आता पांढरं रेशनकार्डही चालतं, पण हे अजून पुष्कळांना माहीत नाही आणि पांढऱ्या कार्डाची माणसं चौकशीच करत नाहीत. सोबत रुग्णाचं आधार ठेवा. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद नंतर दिले तरी चालतात. म्हणून "रेशनकार्ड गावाकडं आहे" एवढ्यासाठी रोखीने पैसे भरायला सुरुवात करू नका.

सीमाभागातल्या वाचकांसाठी: कर्नाटकातल्या ८६५ मराठीभाषक गावांनाही महाराष्ट्राने ही योजना लागू केली आहे. निपाणीकडून पेशंट आणला असेल तर गाव त्या यादीत आहे का, ते आरोग्यमित्राकडून बघून घ्या.

"हे योजनेत बसत नाही" असं काउंटरवर ऐकायला मिळेल. ते कधी खरं असतं, कधी त्या दवाखान्याकडे त्या विभागाची मान्यता नसते, आणि कधी नुसतीच टाळाटाळ असते. तिन्हींचं उत्तर वेगळं आहे, म्हणून नेमकं काय ते विचारायचं. आजाराचं नाव कागदावर लिहून घ्या आणि १५५३८८ या मदत क्रमांकावर स्वतः फोन करा. मान्यता नसेल तर ती असलेल्या दवाखान्यात हलवता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातला आपला सरकारी थोरला दवाखाना, हा पर्याय लोक शेवटी धरतात. तो पहिल्या तासालाच धरण्यासारखा आहे; सरकारी वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेलं आहे, आणि पुढे अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तुम्हाला तिथेच जायचं आहे.

खासगी दवाखान्यातच राहावं लागलं, तर तो नोंदणीकृत ट्रस्टचा आहे का बघा. धर्मादाय दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. निर्धन रुग्णाकडून दाखल करताना डिपॉझिट मागता येत नाही. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटून ‘निर्धन रुग्ण निधीतून उपचार मिळावेत’ असा लेखी अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका. पोच नसलेला अर्ज म्हणजे बोललेलं वाक्य. दाद मिळाली नाही तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे.

तिसरं दार मुख्यमंत्री सहाय्यता निधीचं. फुले योजनेतून किंवा धर्मादाय खाटेतून काम होत नसेल, तेव्हा हे. मुंबईला खेटे घालायची गरज नाही, जिल्हाधिकारी कार्यालयातच कक्ष आहे आणि टोल फ्री क्रमांक १८०० १२३ २२११ आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला १ लाख ६० हजारांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला, दवाखान्याचं खर्चाचं एस्टिमेट, आधार, रेशनकार्ड आणि तपासण्यांचे रिपोर्ट लागतात. खासगी दवाखान्याचं एस्टिमेट असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडून त्याची पडताळणी लागते, तो वेळ धरून चला. पैसे दवाखान्याच्या खात्यावर जातात, तुमच्या नाही.

उत्पन्नाचा दाखला जवळजवळ प्रत्येक अर्जाला लागतो. म्हणून पहिल्या दोन दिवसांत घरातल्या एकाने दवाखाना सोडून फक्त सेतू केंद्र गाठायचं. ही वाटणी लवकर करा. चारजण आयसीयूच्या दारात बसून पेशंट लवकर बरा होत नाही.

डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांकडून काय लिहून घ्यायचं

डिस्चार्ज कार्डावर आजाराचं पूर्ण नाव, तो सुरू झाल्याची तारीख, कोणत्या बाजूचे किंवा कोणते हातपाय गेले आणि माणूस अंथरुणाला खिळून आहे का, हे स्पष्ट हवं. नुसतं ‘प्रकृती स्थिर’ लिहिलेल्या कार्डावर पुढे काहीही मिळत नाही.

गंभीर आजाराची विमा पॉलिसी असेल, किंवा घरकर्जासोबत बँकेने घ्यायला लावलेला विमा असेल, तर ती आत्ताच शोधून काढा. अशा पॉलिसींमध्ये पक्षाघात किंवा कायमच्या पांगळेपणाचा दावा बहुधा तेव्हाच मान्य होतो, जेव्हा अशक्तपणा तीन महिने टिकल्याचं तज्ज्ञ डॉक्टर लिहून देतात. म्हणजे दाखल झाल्याची माहिती विमा कंपनीला आज द्यायची आणि तीन महिन्यांनी न्यूरॉलॉजिस्टचं प्रमाणपत्र जोडायचं. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून जाणारी सुरक्षा विमा योजना मात्र फक्त अपघाताची आहे. पक्षाघाताला ती लागू नाही, तिच्यामागे धावू नका.

नोकरी असेल तर राजीनामा देऊ नका

हे वेगळं लिहितोय, कारण मालक किंवा साहेब प्रेमाने येतात, फळं घेऊन येतात, आणि ‘हिशोब करून टाकू’ म्हणून कागदावर अंगठा घेऊन जातात.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगलेच्या कारखान्यात ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) कापलं जात असेल तर आजारपणात वर्षातून ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. अर्धांगवायू हा दीर्घ आजारांच्या यादीत आहे. दोन वर्षं नोकरी आणि ठरलेल्या दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढे ८० टक्के दराने वाढीव लाभ मिळतो, सगळं धरून दोन वर्षांपर्यंत. हा लाभ चालू असताना मालकाला त्या कामगाराला काढता येत नाही. पण नोकरीच सोडली तर यातलं बरंचसं हातचं जातं.

पीएफमधून आजारपणासाठी आगाऊ रक्कम काढता येते. त्याहून मोठी गोष्ट अशी, की नोकरीत असताना माणूस कायमचा आणि पूर्णपणे काम करण्यास असमर्थ झाला, तर पीएफच्या पेन्शन योजनेतून दहा वर्षं पूर्ण नसतानाही पेन्शन मिळू शकते. एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते.

सरकारी, महापालिकेची, जिल्हा परिषदेची किंवा एसटीची नोकरी असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे नोकरीदरम्यान अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही. दुसरं जमणारं काम द्यावं लागतं, पगार तोच ठेवून.

गवंडी, सेंट्रिंग, फरशीचं काम करणाऱ्यांची बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी आहे का बघा. नोंदणी चालू असेल तर गंभीर आजाराच्या उपचारासाठी १ लाख आणि ७५ टक्के किंवा कायमचं अपंगत्व आलं तर २ लाख रुपयांची तरतूद आहे. नूतनीकरण राहिलेलं असलं की अर्ज तिथेच अडतो.

दाखला, आणि महिन्याचे पैसे

अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सीपीआरला तपासणी. ४० टक्के किंवा जास्त असेल तर योजनांचं दार उघडतं. ४० ते ७९ टक्क्यांना पिवळं कार्ड, ८० आणि त्यापुढे निळं. जीबीएससारख्या आजारात माणूस पुष्कळदा सुधारतो, पक्षाघातातही पहिले काही महिने फरक पडत असतो, म्हणून डॉक्टर लगेच कायमचा दाखला देत नाहीत. तात्पुरता देतात. तो घ्या. ‘कायमचाच पाहिजे’ म्हणून वर्षभर थांबू नका.

संजय गांधी निराधार योजना लोकांना ऐकून माहीत असते, पण तिच्यात जायला दोन वाटा आहेत, हे कळत नाही. एक अपंगत्वाची: ४० टक्क्यांचा दाखला आणि वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत. दुसरी दुर्धर आजाराची, आणि त्या यादीत पक्षाघाताचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे; इथे उत्पन्नाची मर्यादा २१ हजार. वय १८ ते ६५ आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य दोन्हीकडे लागतं. रक्कम महिना १,५०० रुपये होती. दिव्यांगांसाठी ती ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० केली आहे. म्हणून जमत असेल तर अपंगत्वाच्या वाटेनेच जा. दाखल्याला उशीर असेल आणि उत्पन्न २१ हजारांत बसत असेल तर आजाराच्या वाटेने अर्ज टाकून ठेवा. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतूतून होतो. पैसे आधार जोडलेल्या खात्यावर येतात, तेव्हा बँकेत आधार जोडलंय का हे आधीच बघा.

आता अडचण अशी, की ज्याचे हातच चालत नाहीत त्याची सही कशी घ्यायची? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आजारी खातेदाराचा अंगठा चालतो, अंगठाही उठत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी. "पेशंटला शाखेत आणा" असं सांगितलं तर हा नियम शांतपणे सांगा आणि अधिकाऱ्याला घरी पाठवण्याची लेखी विनंती द्या. रुग्ण पूर्ण बेशुद्ध असेल तर मात्र खातं वापरायला किंवा मालमत्तेचा व्यवहार करायला उच्च न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो. त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालं आहे, सीपीआरपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

थोडक्यात आणखी: मुलं लहान असतील तर बालसंगोपन योजनेत दर मुलामागे महिना २,२५० रुपयांची तरतूद आहे. पालकांच्या गंभीर आजारात ती लागू होते का, ते जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारा. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि महापालिका यांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो; गावात ग्रामसेवकाला तो निधी कुठे गेला हे विचारायला लाजू नका. एसटीत ७५ टक्के सवलत आहे. व्हीलचेअर विकत घेण्याआधी समाजकल्याण विभागात चौकशी करा. आणि आपल्या गावातच ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था आहे. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ती उभी केली, स्वतः कमरेखाली पांगळ्या असताना. पांगळेपणासह रोजचा दिवस कसा काढायचा, हे अशा जागी जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही.

घर हातचं जाऊ नये म्हणून

कर्जाचा हप्ता चुकायच्या आधी, निदान चुकलेल्या पहिल्याच महिन्यात, बँकेला पत्र द्या. तोंडी नको. मजकूर असा पुरे:

‘माझे पती, कर्जदार, दि. ___ पासून पक्षाघाताने अंथरुणाला खिळून आहेत. घरात दुसरं उत्पन्न नाही. डिस्चार्ज कार्ड जोडले आहे. कर्जासोबत विमा घेतला असल्यास त्याची प्रत द्यावी. हप्ता कमी करून मुदत वाढवून द्यावी व सहा महिने हप्त्यांत सवलत द्यावी. दरमहा ___ रुपये भरण्याची आमची तयारी आहे.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. पाचशे रुपये का असेना, आकडा लिहा आणि तेवढे भरत राहा.

हप्ते ९० दिवस थकले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. मग बँक सरफेसी कायद्याखाली (तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा कायदा) ६० दिवसांची नोटीस देऊ शकते. ही नोटीस आली की घर गेलं असं समजून माणसं हातपाय गाळतात आणि मिळेल त्या भावात घर विकतात. असं करू नका. त्या ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाली तरी ४५ दिवसांत पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर वसुली सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली होते आणि जामीनदारांच्या दारातही जाते. म्हणून जामीन राहिलेल्या पाव्हण्यांना नोटीस जायच्या आधी तुम्हीच जाऊन सांगा. नाती बहुतेक वेळा कर्जाने नाही, ते दुसऱ्याकडून कळल्याने तुटतात. संचालक गल्लीतलेच असतात. त्यांना भेटा, पण पत्र कार्यालयातच द्या.

सावकाराकडे घराचं किंवा जमिनीचं खरेदीखत करून दिलं असेल तरी सगळं संपलं असं नाही. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्यात लिहून घेतलेली मालमत्ता परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. कोऱ्या चेकचे आणि स्टॅम्पपेपरचे फोटो, फोनवरचे मेसेज, जे असेल ते जपून ठेवा.

भाड्याच्या घरात असाल तर मालकाला स्वतःच्या मनाने कुलूप घालून सामान बाहेर टाकता येत नाही, पाणी किंवा वीज तोडता येत नाही. रीतसर कारवाई करूनच बाहेर काढता येतं. पण मालकाशी भांडून जिना चढायच्या घरात राहण्यापेक्षा, डिपॉझिटमधून दोन महिने भाडं वळतं करून त्या वेळात तळमजल्याची खोली शोधणं शहाणपणाचं. व्हीलचेअर दारातून आत जाते का, एवढं बघून घ्या. बाकी घर कसंही चालतं. महापालिकेची बेघरांसाठी निवारा केंद्रं आहेत, पण अंथरुणावरच्या रुग्णाची शुश्रूषा तिथे होईल अशी अपेक्षा धरू नका.

घर बदललंत तरी मंजुरी मिळेपर्यंत रेशनकार्ड आणि आधारवरचा पत्ता घाईने बदलू नका. चौकशीला येणारा माणूस जुन्या पत्त्यावर जातो. शेजाऱ्यांकडे तुमचा फोन नंबर ठेवा.

या सगळ्याला वकील लागेल आणि वकिलाला पैसे नाहीत, तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. दिव्यांग व्यक्तीला आणि कुठल्याही स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन १५१००.

लोकांकडे मागताना

तालीम, तरुण मंडळ, दूध संस्था, कारखान्याचे सहकारी, वर्गमित्रांचा ग्रुप: कोल्हापूर या बाबतीत हात आखडत नाही. पण ‘जमेल तशी मदत करा’ हा मेसेज पुढे जातो आणि विरून जातो. रक्कम आणि कारण नेमकं लिहा: ‘दोन महिन्यांची फिजिओथेरपी आणि खोलीचं डिपॉझिट, मिळून ४५ हजार. त्यातले १२ हजार जमले आहेत.’ दवाखान्याचं बिल असेल तर दवाखान्याच्याच खात्याचा तपशील द्या. आजारी माणसाचा नळ्या लावलेला फोटो टाकू नका. तो पुढे वर्षानुवर्षं फिरत राहतो, आणि बरा झालेला माणूसच तो बघतो. ऑनलाइन वर्गणीच्या साइटवर जाणार असाल तर किती टक्के कापतात हे आधी वाचा, आणि ‘मदत मिळवून देतो, आधी नोंदणी फी भरा’ म्हणणाऱ्याला तिथेच तोडा. मुंबईच्या सिद्धिविनायक न्यासासारखे काही मोठे न्यासही उपचाराला मदत देतात, तीही रुग्ण दाखल असतानाच मागायची.

जमेची आणि खर्चाची एक वही ठेवा. हिशोब ग्रुपवर टाकलात तर दुसऱ्यांदा मागायची वेळ आली तेव्हा तोंड लपवावं लागत नाही.

अर्ज अडला तर

नाकारल्याचं कारण लेखी मागा. निम्म्याहून जास्त वेळा ते कारण म्हणजे एखादा कमी पडलेला कागद असतो. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. त्यासाठी निवेदन पंधरा दिवस आधी द्यावं लागतं, आणि सोबत आधीच्या अर्जाची पोच जोडावी लागते. तात्पुरत्या दाखल्याची मुदत कधी संपते ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. दाखला संपला की पैसे न सांगता बंद होतात, आणि ते पुन्हा सुरू करायला नव्या अर्जापेक्षा जास्त वेळ जातो.